माझी वसुंधरा अभियान

माझी वसुंधरा अभियान हा महाराष्ट्र शासनाच्या पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाचा राज्यव्यापी उपक्रम आहे. राज्यातील महानगरपालिका, नगरपरिषदा, नगरपंचायती आणि ग्रामपंचायती यांनी आपल्या हद्दीत निसर्गसंवर्धनाची व शाश्वत विकासाची कामे करावीत आणि त्या कामांचे गुणांकन होऊन उत्कृष्ट संस्थांचा गौरव व्हावा, असे त्याचे स्वरूप आहे. अभियानाचा प्रारंभ २ ऑक्टोबर २०२० रोजी झाला. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांवर त्याची मांडणी आधारलेली आहे.

अभियान कायद्यावर नव्हे, तर प्रोत्साहनावर उभे आहे. त्यात मागे राहणाऱ्या संस्थेला दंड होत नाही. पुढे जाणाऱ्या संस्थेला गुण, मानांकन व बक्षीस मिळते. त्यामुळे अभियानात किती झोकून द्यायचे, त्यासाठी किती निधी व मनुष्यबळ राखून ठेवायचे आणि कोणत्या कामांना अग्रक्रम द्यायचा, हे प्रत्येक संस्थेला स्वतः ठरवावे लागते. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तेथे १९९१ पासून पर्यावरण संरक्षणाची कायदेशीर बंधनेही लागू आहेत.

पार्श्वभूमी

राज्यघटनेच्या ७३व्या व ७४व्या दुरुस्तीमुळे १९९३ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनात्मक दर्जा मिळाला. ७४व्या दुरुस्तीने घटनेत समाविष्ट झालेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवावयाचे १८ विषय आहेत. नागरी वनीकरण, पर्यावरणाचे संरक्षण आणि परिस्थितिकीय बाबींचे संवर्धन हा त्यांपैकी एक होय. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत जलव्यवस्थापन, पाणलोट क्षेत्र विकास, सामाजिक वनीकरण आणि अपारंपरिक ऊर्जास्रोत यांचा समावेश आहे. विषय सोपवले गेले, तरी त्यांसाठी लागणारा निधी व तांत्रिक मनुष्यबळ सर्व संस्थांकडे सारखे नव्हते. ही दरी भरून काढण्यासाठी राज्यात वेळोवेळी स्पर्धा व प्रोत्साहन यांवर आधारित योजना राबवल्या गेल्या.

१९९२ मध्ये आदर्श गाव योजना सुरू झाली. राळेगणसिद्धी येथील पाणलोट विकासाच्या कामाचा अनुभव तिच्या मुळाशी होता. पुढे हिवरे बाजार हे या योजनेतील सर्वांत परिचित गाव ठरले. गावाने आधी काही नियम स्वतःहून स्वीकारायचे आणि मग शासनाचे साहाय्य घ्यायचे, हे या योजनेचे तत्त्व होते. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन व श्रमदान हे ते नियम होत. २०००–०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्यात गावांची स्पर्धा घेऊन बक्षिसे देण्यात आली आणि लोकसहभागातून स्वच्छतेची कामे उभी राहिली. २०१० मध्ये पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजना आली. गावातील वृक्षसंख्या, करवसुली, शौचालयांचा वापर, घनकचरा व सांडपाण्याचे व्यवस्थापन अशा निकषांची पूर्तता करणाऱ्या ग्रामपंचायतींना विकासनिधी देण्याची तिची पद्धत होती.

शासनाबाहेरच्या उपक्रमांमध्ये पानी फाउंडेशनची सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धा महत्त्वाची ठरली. २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई व कोरेगाव या ३ तालुक्यांपासून तिची सुरुवात झाली. २०१७ मध्ये ३०, २०१८ मध्ये ७५ आणि २०१९ मध्ये ७६ तालुक्यांत ती घेण्यात आली. गावाने स्वतः ठरवून सहभागी व्हायचे, प्रशिक्षण घ्यायचे आणि श्रमदानातून जलसंधारणाची कामे करायची, असे तिचे स्वरूप होते. पहिल्या वर्षी सातारा जिल्ह्यातील वेळू, तर दुसऱ्या वर्षी वर्धा जिल्ह्यातील काकडदरा ही गावे विजेती ठरली. माझी वसुंधरा अभियानाने या परंपरेतील स्पर्धा, लोकसहभाग आणि बक्षीस ही तिन्ही अंगे घेतली व त्यांना वातावरणीय बदलाच्या विषयाशी जोडले.

स्वरूप

अभियानातील कामांची विभागणी पाच तत्त्वांत केलेली आहे.

भूमी : वृक्षलागवड व लावलेल्या झाडांचे जतन, रोपवाटिका, जैवविविधतेचे संवर्धन, घनकचऱ्याचे वर्गीकरण व प्रक्रिया, मृदेची धूप रोखणे.

जल : पावसाच्या पाण्याची साठवण व पुनर्भरण, नद्या, तलाव, विहिरी व नाले यांची स्वच्छता, सांडपाण्यावर प्रक्रिया आणि प्रक्रिया केलेल्या पाण्याचा पुनर्वापर.

वायू : हवेच्या गुणवत्तेचे मापन, प्रदूषण कमी करणारे उपाय, सायकल व पायी वाहतुकीस उत्तेजन, उघड्यावर कचरा जाळण्यास प्रतिबंध.

अग्नी : सौरऊर्जा, बायोगॅस व अन्य अपारंपरिक ऊर्जास्रोतांचा वापर, ऊर्जाबचत करणारे दिवे, ऊर्जा लेखापरीक्षण, विद्युत वाहनांसाठी चार्जिंग केंद्रे.

आकाश : जनजागृती, पर्यावरण शिक्षण, शाळा व महाविद्यालयांतील उपक्रम आणि नागरिकांची हरित शपथ.

पहिल्या चार तत्त्वांतील कामे मोजता येण्याजोगी आहेत. पाचव्या तत्त्वात लोकांच्या वर्तनातील बदल अपेक्षित असल्याने त्याचे मापन प्रामुख्याने शपथा, कार्यक्रम व सहभागी नागरिक यांच्या संख्येवरून होते.

मूल्यमापन

सहभागी संस्थेने केलेल्या कामांची माहिती व छायाचित्रे अभियानाच्या संगणकीय प्रणालीवर नोंदवायची असतात. या नोंदींची प्रथम कागदोपत्री तपासणी होते. त्यात पुढे असलेल्या संस्थांची त्रयस्थ यंत्रणेकडून प्रत्यक्ष क्षेत्रीय पाहणी केली जाते. दोन्ही टप्प्यांतील गुण मिळून अंतिम क्रम ठरतो. मोठ्या शहराची लहान गावाशी तुलना होऊ नये म्हणून संस्थांचे गट पाडलेले आहेत. पहिल्या टप्प्यात अमृत अभियानातील शहरे, नगरपरिषदा, नगरपंचायती व ग्रामपंचायती असे गट होते. पुढील टप्प्यांत लोकसंख्येनुसार अधिक बारीक गट करण्यात आले.

विजेत्या संस्थांना मिळणारी बक्षिसाची रक्कम पंचतत्त्वांशी निगडित कामांवरच खर्च करणे अपेक्षित असते. अशा रीतीने एका वर्षीचे यश पुढील वर्षीच्या कामाचे भांडवल ठरते.

विस्तार

अभियानाचा पहिला टप्पा २ ऑक्टोबर २०२० ते ३१ मार्च २०२१ या काळात झाला. त्यात ६८६ स्थानिक संस्था होत्या : अमृत अभियानातील ४३ शहरे, २२२ नगरपरिषदा, १३० नगरपंचायती आणि २९१ ग्रामपंचायती. या टप्प्यात १० हजारांहून अधिक लोकसंख्येच्या ग्रामपंचायतींचा विचार करण्यात आला होता. त्याचा निकाल ५ जून २०२१ रोजी, जागतिक पर्यावरणदिनी जाहीर झाला.

दुसऱ्या टप्प्यात (२०२१–२२) सहभागी संस्थांची संख्या ११,९६८ झाली. तिसऱ्या टप्प्यात (२०२२–२३) ती १६,८२४ आणि चौथ्या टप्प्यात (२०२३–२४) २२,६३२ पर्यंत पोहोचली. चौथ्या टप्प्यात ४१४ नागरी संस्था व २२,२१८ ग्रामपंचायती होत्या. राज्यातील एकूण ग्रामपंचायतींची संख्या सुमारे २८ हजार आहे. मोठ्या गावांपुरते सुरू झालेले अभियान अशा प्रकारे अल्पावधीत लहान गावांपर्यंत गेले.

राज्याच्या पर्यावरण विभागाचे नाव बदलून ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग’ असे करण्यात आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील कॉप-२६ परिषदेच्या वेळी ‘अंडर२ कोअॅलिशन’ या राज्ये व प्रदेशांच्या जागतिक गटाने महाराष्ट्राला प्रेरणादायी प्रादेशिक नेतृत्वाचा पुरस्कार दिला.

जागतिक ऐच्छिक कार्यक्रमांशी संबंध

शहरांनी राष्ट्रीय कायद्याची वाट न पाहता स्वतःहून पर्यावरणविषयक उद्दिष्टे स्वीकारण्याची पद्धत जगात १९९० नंतर रुजली. १९९० मध्ये ‘इक्ली’ ही स्थानिक शासनांची जागतिक संघटना स्थापन झाली. १९९२ च्या रिओ परिषदेत संमत झालेल्या ‘अजेंडा २१’ या दस्तऐवजाच्या २८व्या प्रकरणात स्थानिक शासनांनी नागरिकांशी विचारविनिमय करून आपापला कृती कार्यक्रम तयार करावा, असे सुचवण्यात आले. २००५ मध्ये महानगरांचा ‘सी४०’ हा गट लंडनच्या पुढाकाराने अस्तित्वात आला. त्याच वर्षी अमेरिकेच्या संघराज्य शासनाने क्योटो करार स्वीकारला नसतानाही सिएटलच्या महापौरांच्या आवाहनावरून तेथील अनेक शहरांनी त्या कराराची उद्दिष्टे पाळण्याचे ठरवले. युरोपात २००८ मध्ये महापौरांचा करार सुरू झाला.

मुंबई डिसेंबर २०२० मध्ये सी४० गटात सहभागी झाली. त्या वेळी दिलेल्या वचनानुसार बृहन्मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये मुंबई वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट आहे. भारताचे राष्ट्रीय उद्दिष्ट २०७० चे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘रेस टू झीरो’ या मोहिमेत महाराष्ट्रातील अमृत अभियानातील ४३ शहरे २०२१ मध्ये सहभागी झाली.

या कार्यक्रमांत आणि माझी वसुंधरा अभियानात एक महत्त्वाचा फरक आहे. जागतिक कार्यक्रमांत शहर दूरच्या काळासाठी उत्सर्जनाचे उद्दिष्ट स्वीकारते आणि त्याच्या प्रगतीचा अहवाल देते. माझी वसुंधरा अभियानात उद्दिष्ट वर्षभराचे असते आणि मोजली जाते ती प्रत्यक्ष केलेली कामे. लहान नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला आपल्या हद्दीतील उत्सर्जनाची मोजदाद करणे कठीण असते. मात्र तळ्यातील गाळ काढणे, सौरदिवे बसवणे किंवा ओल्या कचऱ्याचे खत करणे तिला शक्य असते.

सहभागाचा निर्णय

नागरी संस्थेत धोरणात्मक निर्णय सर्वसाधारण सभेत होतात व त्यांची अंमलबजावणी आयुक्त किंवा मुख्याधिकारी करतात. ग्रामपंचायतीत सरपंच, सदस्य व ग्रामपंचायतीचा सचिव यांच्याबरोबर ग्रामसभेचे मत महत्त्वाचे असते. सहभागाच्या बाजूने व विरोधात पुढील मुद्दे विचारात घेतले जातात.

सहभागाच्या बाजूचे मुद्दे : एरवी वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली कामे एका आराखड्यात येतात. कामांची नोंद होत असल्याने संस्थेला आपली स्थिती कळते व पुढील वर्षी तुलना करता येते. ऊर्जाबचतीचे दिवे व सौरपंप यांमुळे वीजबिलाचा भार कमी होतो. पावसाचे पाणी मुरवल्याने उन्हाळ्यातील टँकरवरचे अवलंबन घटू शकते. बक्षिसाची रक्कम हा अतिरिक्त निधी असतो. शेजारच्या गावाशी होणारी तुलना लोकसहभागाला चालना देते. ग्रामस्वच्छता अभियानात हे दिसून आले होते.

अडचणीचे मुद्दे : सहभागासाठी स्वतंत्र कर्मचारी मिळत नाहीत. एका सचिवाकडे अनेकदा एकाहून अधिक ग्रामपंचायतींचा कारभार असतो. त्यातच माहिती भरण्याचे काम वाढते. बक्षीस मिळेपर्यंतचा खर्च संस्थेला स्वतःच्या उत्पन्नातून किंवा वित्त आयोगाच्या निधीतून करावा लागतो. करवसुली कमी असलेल्या संस्था येथेच मागे पडतात. नदीचे प्रदूषण, महामार्गावरील वाहतूक, औद्योगिक उत्सर्जन अशा अनेक प्रश्नांचे मूळ संस्थेच्या हद्दीबाहेर किंवा अधिकाराबाहेर असते.

कायदेशीर कर्तव्ये व ऐच्छिक कामे

अभियानातील अनेक कामे मुळात कायद्यानेच बंधनकारक आहेत. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचऱ्याचे वर्गीकरण व प्रक्रिया करणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये वृक्षगणना करावी लागते. महानगरपालिकांना दरवर्षी पर्यावरण स्थितीदर्शक अहवाल सभागृहापुढे ठेवणे आवश्यक आहे. या कामांना अभियानात गुण मिळतात. याकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. एका दृष्टीने, कायदा असूनही रखडलेले काम स्पर्धेमुळे पूर्ण होते. दुसऱ्या दृष्टीने, कर्तव्याला बक्षीस दिल्यास ते ऐच्छिक असल्याचा समज रूढ होण्याचा धोका असतो.

डहाणू व तलासरी तालुके

पालघर जिल्ह्याची निर्मिती १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याच्या विभाजनातून झाली. त्याच्या उत्तरेकडील डहाणू व तलासरी हे तालुके गुजरातच्या सीमेला लागून आहेत. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात व तेथे वारली, कोकणा, मल्हार कोळी, दुबळा, काथोडी इत्यादी आदिवासी समाजांची मोठी वस्ती आहे. डहाणूचा किनारी पट्टा मासेमारी व फळबागांसाठी प्रसिद्ध आहे. डहाणू घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. डहाणू येथे नगरपरिषद व तलासरी येथे नगरपंचायत असून उर्वरित भागाचा कारभार ग्रामपंचायतींकडे आहे.

१९९१ ची अधिसूचना

केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये २० जून १९९१ रोजी अधिसूचना काढून डहाणू तालुका परिस्थितिकीयदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित केला. तिच्यान्वये तालुक्यात अतिप्रदूषणकारी उद्योगांना मनाई झाली, उद्योगांखालील एकूण क्षेत्रावर ५०० एकरांची मर्यादा आली आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा ठरवण्यात आला. लगतचा तलासरी तालुका या पट्ट्याच्या प्रभावाखाली येतो. महाराष्ट्रात मुरूड-जंजिरा (१९८९), महाबळेश्वर-पाचगणी (२००१) व माथेरान (२००३) या क्षेत्रांसाठीही अशा अधिसूचना निघाल्या.

अधिसूचनेची अंमलबजावणी होत नसल्याबद्दल पर्यावरणवादी संपादक बिट्टू सहगल यांनी दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी आदेश दिला. त्यानुसार १९ डिसेंबर १९९६ रोजी डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी हे त्याचे अध्यक्ष होते व २०१९ मध्ये निधन होईपर्यंत ते या कार्याशी निगडित राहिले. डहाणू येथील ५०० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक वीज केंद्रात गंधकाचे उत्सर्जन रोखणारी यंत्रणा बसवण्याचा प्राधिकरणाने आग्रह धरला व ती २००७ मध्ये कार्यान्वित झाली.

वाढवण येथील बंदराचा प्रस्ताव प्राधिकरणाने १९९८ मध्ये अमान्य केला होता. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२० मध्ये नव्या प्रस्तावास तत्त्वतः मान्यता दिली. प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी त्यास अटींसह ना-हरकत दिली. या निर्णयाविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळल्या. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पास मंजुरी दिली व ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. स्थानिक मच्छीमार, बागायतदार व आदिवासी संघटनांनी उपजीविकेच्या प्रश्नावरून या प्रकल्पाला दीर्घकाळ विरोध केला. रोजगारनिर्मिती व जागतिक व्यापारातील स्थान ही शासनाची त्यामागची भूमिका आहे.

ग्रामसभांचे अधिकार

अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना पंचायत (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियम, १९९६, म्हणजेच पेसा कायदा लागू आहे. त्याचे महाराष्ट्रातील नियम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. या नियमांनुसार पाडा किंवा पाड्यांचा समूह स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊ शकतो व त्याची स्वतंत्र ग्रामसभा भरते. नैसर्गिक साधनसंपत्तीचे परंपरेनुसार जतन व व्यवस्थापन करण्याचा अधिकार या ग्रामसभांना आहे. वन हक्क कायदा, २००६ अन्वये सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व पुनरुज्जीवन करण्याचा हक्कही मिळतो. आदिवासी उपयोजनेच्या निधीतील ५ टक्के अबंध निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट देण्याची राज्यात तरतूद आहे.

यामुळे येथील ग्रामपंचायतीपुढे माझी वसुंधरा अभियानातील सहभागाचा प्रश्न बिगर-अनुसूचित क्षेत्रापेक्षा वेगळ्या रूपात येतो. वृक्षलागवडीची जागा ठरवताना त्या जमिनीवरील वनहक्क, चराई व गौण वनोपजांचा वापर लक्षात घ्यावा लागतो. नव्याने लावलेल्या रोपांची संख्या मोजणे सोपे असते. आधीच राखलेल्या जंगलाचे मोल आकड्यांत मांडणे अवघड असते. ग्रामसभेने आधीपासून जतन केलेली वने, पाणवठे व पारंपरिक बियाणे ही अभियानातील भूमी व जल या तत्त्वांशी सुसंगत अशीच कामे आहेत.

चारोटी

चारोटी हे डहाणू तालुक्यातील गाव मुंबई–अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ वर (पूर्वीचा क्रमांक ८) वसलेले आहे. डहाणू–जव्हार रस्ता येथे महामार्गाला मिळतो. त्यामुळे चारोटी नाका हे परिसरातील गावांचे दळणवळणाचे व बाजाराचे ठिकाण बनले आहे. गावाजवळ पथकर नाका असून सूर्या नदीवरील पूलही लगतच आहे. जवळच विवळवेढे येथे महालक्ष्मीचे मंदिर असून चैत्र महिन्यात तेथे मोठी यात्रा भरते.

महामार्गावरील अशा गावात अभियानाच्या पाचही तत्त्वांची मर्यादा व शक्यता एकत्र दिसतात. वाहनांचा धूर व धूळ हा वायू तत्त्वाचा मुख्य प्रश्न असला, तरी महामार्गाचे व्यवस्थापन भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे. ग्रामपंचायतीला वाहतुकीचे नियमन करता येत नाही. रस्त्याकडेला झाडे लावण्यासाठीही तिला त्या यंत्रणेशी समन्वय साधावा लागतो. उपाहारगृहे, दुकाने व प्रवासी यांच्यामुळे निर्माण होणारा कचरा गावाच्या लोकसंख्येच्या मानाने अधिक असतो. त्याचे संकलन व प्रक्रिया हे मात्र ग्रामपंचायतीच्या अधिकारातील काम आहे. यात्रेच्या काळात हा भार आणखी वाढतो.

जल तत्त्वाच्या बाबतीत सूर्या नदी महत्त्वाची आहे. वैतरणेची उपनदी असलेल्या सूर्येवर विक्रमगड तालुक्यात धामणी धरण असून त्याखाली कवडास येथे उन्नैयी बंधारा आहे. सूर्या प्रकल्पाच्या कालव्यांतून डहाणू, विक्रमगड व पालघर तालुक्यांतील शेतीला पाणी मिळते. त्याच प्रकल्पातून वसई-विरार व मीरा-भाईंदर या शहरांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने प्रतिदिन ४०३ दशलक्ष लिटर क्षमतेची पाणीपुरवठा योजना हाती घेतली. शहरांना पाणी जात असताना धरणाच्या परिसरातील पाडे उन्हाळ्यात टंचाई सोसतात, हा स्थानिकांचा जुना आक्षेप आहे. विहिरींचे पुनर्भरण, वनराई बंधारे व छतावरील पाण्याची साठवण ही कामे गावपातळीवर होऊ शकतात. धरणातील पाण्याचे वाटप मात्र राज्य पातळीवर ठरते.

मुंबई–अहमदाबाद अतिजलद रेल्वे व मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्ग यांचे मार्गही डहाणू व तलासरी तालुक्यांतून जातात. अशा प्रकल्पांसाठीचे भूसंपादन व वृक्षतोड यांचे प्रमाण गावाने वर्षभरात लावलेल्या झाडांपेक्षा कितीतरी मोठे असते.

मर्यादा व मूल्यांकन

ऐच्छिक कार्यक्रम व कायदेशीर संरक्षण यांची कार्ये भिन्न आहेत. अधिसूचना काय करू नये हे सांगते. अभियान काय करावे हे सुचवते. अधिसूचनेचा भंग झाल्यास न्यायालयात दाद मागता येते. अभियानातील शपथ मोडल्यास तशी दाद मागता येत नाही. दुसरीकडे, अधिसूचनेमुळे मोठा उद्योग थांबतो, पण गावातील नाला स्वच्छ होत नाही किंवा अंगणवाडीच्या छतावर सौरपट्टी बसत नाही. ती कामे संस्थेच्या इच्छेवर व लोकसहभागावरच अवलंबून असतात. डहाणूच्या अनुभवावरून, नाजूक क्षेत्रातील गावाला दोन्हींची गरज असल्याचे व एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नसल्याचे दिसते.

अभियानाबाबत पुढील मर्यादा मांडल्या जातात :

लावलेल्या रोपांपैकी किती जगली याचा अनेक वर्षे पाठपुरावा करावा लागतो. वार्षिक स्पर्धेत तो पुरेसा होत नाही. शपथांच्या संख्येवरून वर्तनातील बदल कळत नाही. माहिती संगणकावर भरण्याचे कौशल्य असलेल्या संस्था प्रत्यक्ष कामाच्या मानाने पुढे जाऊ शकतात. बक्षिसे थोड्यांनाच मिळत असल्याने साधनांची सर्वाधिक गरज असलेल्या संस्था निधीपासून दूर राहण्याचा संभव असतो.

याउलट, अभियानाची जमेची बाजू म्हणजे वातावरणीय बदल हा विषय प्रथमच ग्रामपंचायतीच्या दैनंदिन कारभारात आला. पंचमहाभूतांच्या परिचित कल्पनेमुळे तो ग्रामसभेत मांडणे सोपे झाले. पाऊस, पाणी, जळण, कचरा व झाडे या नित्याच्या बाबींतून या विषयावर चर्चा करता येऊ लागली. २०२० मध्ये ६८६ असलेल्या सहभागी संस्था चौथ्या टप्प्यात २२ हजारांहून अधिक झाल्या, यावरून दंडाची भीती नसतानाही स्थानिक संस्था अशा कार्यक्रमात येतात हे स्पष्ट होते. त्यांचा सहभाग नोंदणीपुरता राहतो की टिकाऊ कामात उतरतो, हे बऱ्याच अंशी निधी, मनुष्यबळ आणि ग्रामसभेच्या सक्रियतेवर अवलंबून असते.

हेही पाहा

डहाणू तालुका
तलासरी तालुका
पालघर जिल्हा
सूर्या नदी
वाढवण बंदर
पेसा कायदा
वन हक्क कायदा, २००६
संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान
आदर्श गाव योजना